लोंबत्या नाडीचा सुपरमॅन

कमी पैशांत विज्ञानपटाचे विडंबन काढायला बसले की पहिली गाठ गुरुत्वाकर्षणाशी पडते. नायकाला उडायचे असते आणि त्याला उचलणारी यंत्रे भाड्याने आणायला पैसे नसतात. मोठ्या स्टुडिओंत ही अडचण पैशाने सुटते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात ती २००७-०८ च्या सुमारास एका हिरव्या पडद्याने, एका संगणकाने आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या एका सडपातळ माणसाने सोडवली. त्या माणसाचे नाव शफीक शेख. दिग्दर्शक नासिर शेख यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटात तो नायक होता. त्याचा निळा पोशाख अंगावर ढगळ होता आणि लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबत होती. ती आत खोचावी असे कोणालाच वाटले नाही, कारण लोक हसणार ते त्या नाडीलाच, हे सगळ्यांना ठाऊक होते.

स्वतंत्र विज्ञानविडंबनपट म्हणून जगभर जे काही निघते त्यात मालेगावचे उदाहरण वेगळे पडते. तिथे हौशी चित्रकर्मींची एखादी टोळी नव्हती. प्रेक्षक, पडदा, कलाकार, विक्री आणि विनोदाची स्वतःची चाल असलेला एक छोटा चित्रव्यवसायच उभा राहिला होता.

मागांचे गाव, शुक्रवारचा सिनेमा

मुंबई-आग्रा महामार्गावर, मोसम नदीच्या दोन्ही काठांना पसरलेले हे शहर. नारोशंकरांचा भुईकोट किल्ला ही त्याची जुनी खूण आणि यंत्रमागांची खटखट ही आजची. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. विणकरांची बरीचशी घराणी १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेकडून, बनारस-मऊ-आझमगड या पट्ट्यातून आलेली. त्यामुळे गल्लीत उर्दू, बाजारात मराठी आणि आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणी ऐकू येते. चित्रपटांतले संवाद या मिसळीतूनच आले. पुस्तकी हिंदीत ते लिहिले असते तर निम्मा विनोद तिथेच मेला असता.

मागावरची पाळी बारा तासांची. हातमागाच्या काळापासून हप्त्याच्या हप्त्याला मजुरी आणि शुक्रवारी सुट्टी हा शिरस्ता आहे. चित्रपटाचा नवा खेळ आणि कामगाराची सुट्टी असे एकाच दिवशी जुळून येण्याचे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. एरवी मध्यमवर्गीय शहरांत सिनेमा ही शनिवार-रविवारची गोष्ट असते, मालेगावात ती शुक्रवारची. इथला प्रेक्षक पडद्याशी बोलतो, शिट्ट्या मारतो, आवडते वाक्य पुन्हा ऐकण्यासाठी पुन्हा तिकीट काढतो. हे प्रेम नेहमी सोसवणारे असतेच असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टायगर ३’च्या वेळी इथल्या मोहन चित्रपटगृहात भर खेळात फटाके फोडले गेले आणि प्रेक्षकांवरच जीव वाचवून पळायची पाळी आली.

चित्रपटगृहांच्या जोडीला होते व्हिडिओ पार्लर. एका खोलीत मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, समोर बाकडी, आणि सिनेमाच्या मानाने नाममात्र तिकीट. चित्रपटगृहाला वितरक लागे, मुंबईहून पेटी यावी लागे. पार्लरवाल्याला कॅसेट पुरे. गावात कोणी कॅसेट तयार केली तर ती दुसऱ्या दिवशी पडद्यावर येऊ शके. मालेगावच्या चित्रपटाचे मूळ या सोयीत आहे.

दोन व्हीसीआरमधली शाळा

नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत. चॅप्लिन आणि बस्टर कीटन त्यांनी तिथेच पाहिले आणि प्रेक्षकांनाही दाखवले. मूकपटातला विनोद भाषेवाचून पोहोचतो, पण दोन तास धीर धरायला गिऱ्हाईक तयार नसते. मग वेगवेगळ्या चित्रपटांतले चांगले तुकडे काढून एकामागे एक जोडायचे आणि स्वतःचाच एक ‘चित्रपट’ तयार करायचा, असा उद्योग सुरू झाला. संकलनाचे शिक्षण त्यातून मिळाले.

हे शिक्षण कठीण होते. दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे. एकावर मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा. नेमक्या क्षणी बटण दाबले गेले नाही तर कलाकाराचे अर्धे वाक्य कापले जाते. शिवाय ही पद्धत एकरेषीय असते. विसाव्या मिनिटाला एक दृश्य घालायचे राहिले असे चाळिसाव्या मिनिटाला लक्षात आले तर विसाव्या मिनिटापासून सगळे पुन्हा उतरवावे लागते. प्रत्येक नकलेगणिक चित्र फिकट होते, रंग पसरतात. म्हणून असे संकलन करणारा माणूस आधी डोक्यात चित्रपट जोडतो आणि मगच हात लावतो. चित्रपट-शाळेत जे समजायला वर्ष जाते ते इथे चार कॅसेट वाया गेल्यावर समजत असे.

२००० साली नासिर शेख यांचा ‘मालेगाव के शोले’ आला. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसला कॅमेरा, साधारण पन्नास हजार रुपयांचा खर्च आणि गावातली माणसे. डाकूंना घोडे परवडेनात म्हणून ते सायकलींवर आले. आगगाडीच्या जागी बस आली. बसंतीची बासमती झाली. ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी वापरली गेली. गाडीची एक बाजू खाली दाबली की दुसरी कॅमेऱ्यासकट वर जाते, एवढेच तर क्रेनचे तत्त्व. पार्लरांत आठवडेच्या आठवडे गर्दी लोटली आणि घातलेले पैसे वसूल झाले. मग ‘मालेगाव की शान’ आला आणि गावात आणखी काही जणांच्या हातांत कॅमेरे दिसू लागले.

विडंबनाची चाल

या चित्रपटांना नक्कल म्हणण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. नकलेत मूळ वस्तूसारखे दिसण्याची धडपड असते. मालेगावचे चित्रपट मूळ वस्तू गावात आणून उभी करतात आणि मग ती तिथे कशी अडखळते ते पाहतात. घोड्याच्या जागी सायकल आली की प्रेक्षक आधी सायकलला हसतो. दुसऱ्या क्षणी त्याला आठवते की आपल्याही घरात सायकलच आहे आणि ‘शोले’तल्या डाकूंनी एवढे घोडे पोसले कसे हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नव्हता. श्रीमंत चित्रपटातला खोटेपणा गरीब चित्रपटाने असा उघडा पडतो.

विज्ञानकथेत ही चाल आणखी धारदार होते. सुपरमॅनला शत्रू लागतो तो जगाचा नाश करू पाहणारा. मालेगावच्या सुपरमॅनपुढे लेखक फरोग जाफरी, अक्रम खान आणि मंडळींनी जो शत्रू ठेवला तो गावकऱ्यांच्या नेहमीच्या ओळखीतला होता: तंबाखूचे व्यसन आणि गावभर साचलेली घाण. खलनायकाला स्वच्छता सोसत नाही, उकिरड्यात तो खुलतो. उघडी गटारे, कचऱ्याचे ढीग आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या यांसाठी वेगळा नेपथ्यकार लागला नाही. परग्रहावरून आलेली शक्ती महापालिकेचे काम करू लागते, आणि तेही तिला धड जमत नाही. विज्ञानकथेतून उपहास साधायचा तर असाच साधतो. यंत्र किंवा शक्ती कितीही अचाट असो, ती जिथे येऊन पडते तिथल्या व्यवस्थेपुढे तिचे काही चालत नाही.

बाहेरचा प्रेक्षक मात्र हे चित्रपट वेगळ्या कारणाने हसत पाहतो, आणि तिथे थोडे सावध राहायला हवे. मुंबईच्या प्रेक्षागृहात हशा पिकतो तो पुष्कळदा ‘यांना हेसुद्धा नीट जमत नाही’ म्हणून. मालेगावात हशा पिकतो तो ‘हे नीट जमलेले आपण पाहिले आहे, आता आपल्याकडे काय होते ते पाहू’ म्हणून. नाडी एकच असली तरी हशे दोन आहेत.

हिरवा पडदा आणि निळा पोशाख

माणूस उडताना दाखवण्याच्या युक्त्या चित्रपटाइतक्याच जुन्या आहेत. मालेगावच्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये हनुमंताला आकाशातून नेले होते. त्याआधी ‘अंकुराची वाढ’ या छोट्या पटात त्यांनी रोपाची एकेक चौकट टिपून अनेक दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. भारतीय चित्रपटाचा पाया ट्रिकपटाने घातला गेला, आणि तो घरच्या खोलीत, घरच्या माणसांच्या हातांनी, पैशांच्या ओढाताणीत घातला गेला. मालेगावच्या मंडळींना वंशावळ शोधायला हॉलिवूडपर्यंत जाण्याची गरज नाही.

रंगपडद्याची युक्ती, जिला या धंद्यात सगळे ‘क्रोमा’ म्हणतात, समजायला सोपी आहे. कलाकाराच्या मागे एकाच रंगाचा सपाट पडदा लावायचा. संगणकाला सांगायचे की चित्रात हा रंग जिथे जिथे असेल तिथे भोक समज. त्या भोकातून दुसरे चित्र दिसू द्यायचे: ढग, छपरे, नदी. माणसाच्या कातडीत हिरवा आणि निळा हे रंग कमी असतात, म्हणून पडदा त्यांपैकी एका रंगाचा घेतात. करायला मात्र अवघड आहे. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे, नाहीतर सावलीचा भाग वेगळ्या हिरव्याचा होतो आणि आकाशात मळकट डाग उठतात. कपडा सुरकुतलेला चालत नाही. कलाकार पडद्याला खेटून उभा राहिला तर हिरव्याची झाक त्याच्या कानशिलांवर चढते आणि मग कानच आकाशात विरघळतात. साध्या कॅमेऱ्यात रंगाची नोंद आधीच ढोबळ असते, त्यामुळे कडा करवती दिसतात.

सुपरमॅनच्या बाबतीत आणखी एक पेच असतो आणि त्यात हॉलिवूडसुद्धा अडकले होते. १९७८ सालच्या रिचर्ड डॉनर दिग्दर्शित ‘सुपरमॅन’चा खर्च साडेपाच कोटी डॉलर होता. त्या काळी पडदा निळा वापरत आणि नायकाचा पोशाखही निळा. पडदा पुसायला जावे तर नायकाचे धडही पुसले जाणार. त्यावर उपाय म्हणून काही दृश्यांत पोशाखाचा निळा हिरवट केला आणि नंतर रंग दुरुस्त करून घेतला. उडण्याच्या बऱ्याच दृश्यांसाठी झोरान पेरिसिक यांनी बनवलेली पुढून चित्र फेकण्याची यंत्रणा वापरली. तिच्यात प्रक्षेपकाचे आणि कॅमेऱ्याचे झूम एकमेकांशी बांधलेले असत, त्यामुळे नायक जागचा न हलता जवळ येताना किंवा दूर जाताना भासे. मालेगावात हिरवा पडदा लावून हा पेच जन्मण्याआधीच टळला. उशिरा सुरुवात करणाऱ्याचा हा फायदा म्हणायचा.

पडद्याची विद्या शिकायला नासिर शेख मुंबईला जाऊन आले. परत आल्यावर शफीकला आडवे करून, हात पुढे ताणून, दुपट्ट्यासारखा लाल झगा मागे फडफडता ठेवून दृश्ये टिपली गेली. आडवे पडून उडण्याचा अभिनय करणे हे अंगमेहनतीचे काम आहे. मान वर धरावी लागते, पाय जुळलेले ठेवावे लागतात, आणि चेहऱ्यावर मात्र जग वाचवायला निघाल्याचा निर्धार लागतो. मध्येच एकमेव कॅमेरा पाण्यात पडला आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत काम ठप्प झाले. पुढे नायकाचेच लग्न निघाले आणि पुन्हा खोळंबा झाला. मोठ्या निर्मितीत अशा खोळंब्यावर विमा उतरवलेला असतो. इथे सगळे आपापल्या मागांवर परत गेले आणि बोलावणे आले तेव्हा पुन्हा जमले.

कामाला माणसे

कलाकार म्हणजे मागावरचे कामगार, दुकानदार, किरकोळ धंदेवाले. त्यांचा वेळ पाळ्यांमध्ये वाटलेला, त्यामुळे चित्रीकरणाचे वेळापत्रक मागांच्या वेळापत्रकावर बेतावे लागे. रात्रपाळी संपवून आलेला माणूस सकाळी चेहऱ्याला रंग लावून उभा राही. अशा ठिकाणी दिग्दर्शकाचे खरे कौशल्य कॅमेऱ्यामागे कमी आणि गावात फिरण्यात जास्त दिसते. कोणाची सायकल मिळेल, कोणाच्या छपरावर चढता येईल, कोणाचा मुलगा गर्दी जमवेल, हे सगळे त्याला पाठ असावे लागते.

स्त्रीपात्रांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. गावातल्या मुलींना घरून परवानगी मिळणे शक्य नव्हते, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत आणि खर्चाचा एक मोठा वाटा तिथे जाई. फाळक्यांचीही हीच गत झाली होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये अण्णा साळुंके या पुरुषाने तारामती केली, आणि ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यानेच केले. शंभर वर्षांत तंत्र कुठल्या कुठे गेले, पण हा एक अडसर जवळजवळ जिथल्या तिथे राहिला, याकडे विनोदाच्या भरात दुर्लक्ष होऊ नये.

परवानगीचा घोळ

सुपरमॅन ही अमेरिकी कंपनीच्या मालकीची व्यक्तिरेखा. तिच्यावर विनोद करायला परवानगी लागते का? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२ वे कलम टीका किंवा समीक्षेसाठी मूळ कृतीचा रास्त वापर करू देते. विडंबनाचा त्यात नावाने उल्लेख नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तोप्पिल भासी यांच्या प्रसिद्ध नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या खटल्यात, मूळ कृतीवर टीका करण्यासाठी तिचे भाग घेणे रास्त मानले होते. विडंबनकारांना आधार असलाच तर अशा निकालांचा. प्रत्यक्षात मालेगावसारख्या ठिकाणी संरक्षण मिळते ते आकाराने लहान असण्याचे. लाखभर रुपयांच्या चित्रपटावर दावा लावायला वकिलाची फीसुद्धा वसूल होणार नाही.

लहान असण्याची किंमतही असते. ज्या सोयीने कॅसेट दुसऱ्या दिवशी पडद्यावर येई, त्याच सोयीने तिची चोरटी नक्कल तिसऱ्या दिवशी बाजारात येई. दुसऱ्यांच्या चित्रपटांवर वाढलेल्या पार्लरांच्या धंद्याने स्वतःचा चित्रपट काढल्यावर चोरीची तक्रार करावी, यात थोडी गंमत आहे खरी, पण तोटा खराच होई.

तिकडे जपानात

कमी पैशांच्या विज्ञानविडंबनाची एक बहरलेली परंपरा जपानी भाषेत आहे आणि तिच्याशी मालेगावची चाल ताडून पाहण्यासारखी आहे. साक्यो कोमात्सु यांची जपान बुडाल्याची कादंबरी १९७३ मध्ये गाजली. त्याच वर्षी यासुताका त्सुत्सुई यांनी तिचे उलट विडंबन लिहिले: जपान सोडून सगळे जग बुडते आणि उरलेल्या बेटावर परदेशी निर्वासितांची झुंबड उडते. २००६ मध्ये मूळ कादंबरीवर मोठ्या खर्चाचा चित्रपट आला आणि त्याच वर्षी मिनोरू कावासाकी यांनी तुटपुंज्या पैशांत विडंबनकथेवर चित्रपट काढला. मोठ्या चित्रपटाच्या जाहिरातीचा लहानाला आपोआप फायदा होतो. ‘शोले’ आणि ‘सुपरमॅन’ची ओळख मालेगावला अशीच फुकट मिळाली होती.

दुसरे उदाहरण २०२० चे. क्योतोतल्या ‘युरोप किकाकू’ या नाटकमंडळीने, माकोतो उएदा यांच्या संहितेवर आणि जुंता यामागुची यांच्या दिग्दर्शनाखाली, एका कॅफेतली गोष्ट केली. तिथल्या पडद्यावर दोन मिनिटांनंतरचे भविष्य दिसते. भविष्य कळूनही माणसे त्या दोन मिनिटांचा उपयोग किरकोळ गोष्टींसाठीच करतात, हा तिचा उपहास. एक इमारत, फोनवरचे चित्रीकरण आणि अखंड एकाच दमात चाललेला भासणारा सत्तर मिनिटांचा पट. इथे उडणे नाही, स्फोट नाहीत. सगळी करामत वेळेच्या गणितात आहे, आणि नाटकाच्या तालमीची सवय असलेल्या नटांखेरीज ती साधली नसती.

दोन्हीकडे जी वस्तू हाताशी होती तिच्यावर कथा उभी राहिली: क्योतोत तालमीची शिस्त, मालेगावात गावाची ओळख. अर्थात जपानी मंडळींच्या मागे छोटी चित्रपटगृहे आणि महोत्सव उभे असतात. शिनइचिरो उएदा यांचा तीस लाख येनचा ‘वन कट ऑफ द डेड’ २०१८ मध्ये तोक्योतल्या दोन चित्रपटगृहांत लागला आणि प्रेक्षकांच्या बोलण्यावरच वाढत वाढत तीन अब्ज येनांच्या पलीकडे गेला. मालेगावहून बाहेर पडायला अशी पायरीच नव्हती. पार्लरनंतर एकदम मुंबई लागे.

गावाबाहेर गेलेली गोष्ट

मालेगावहून बाहेर पडायची वाट शेवटी दुसऱ्यांनी काढली. फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमॅन’च्या निर्मितीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २००८ चा. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे देशाला या शहराचे नाव ठाऊक होते; माहितीपटाने ते वेगळ्या कारणाने महोत्सवांत पोहोचवले. जून २०१२ मध्ये तो भारतातल्या निवडक पडद्यांवर रीतसर लागला. तोवर शफीक शेख हयात नव्हते. २०११ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

नासिर शेख यांना दरम्यान ‘सब’ वाहिनीवर ‘मालेगाव का चिंटू’ ही जवळजवळ बिनसंवादांची विनोदी मालिका करता आली. कीटन-चॅप्लिनची ती जुनी शाळा तिथे कामी आली. मग रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४ मध्ये टोरांटो महोत्सवात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची. आदर्श गौरव नासिर झाले, विनीत कुमार सिंग फरोग आणि शशांक अरोरा शफीक. या चित्रपटात लोंबती नाडी पुन्हा शिवून घेतली गेली, या वेळी वेशभूषा विभागाकडून. गंमत अशी की गरिबीतून आलेला ओबडधोबडपणा हुबेहूब उभा करायला भरपूर खर्च येतो.

व्हिडिओ पार्लर आता उरलेले नाहीत. त्यांची जागा यूट्यूबने घेतली आणि खानदेशी विनोदाच्या वाहिन्या तिथे जोमात आहेत. त्यांतल्या ‘छोटू दादा’च्या चित्रफितींना मिळणारे प्रेक्षक जुन्या पार्लरवाल्यांच्या कल्पनेबाहेरचे आहेत. क्रोमा आता फोनमधल्या मोफत ॲपवर होते, कडासुद्धा बऱ्या निघतात. मात्र या फिती दहा-पंधरा मिनिटांच्या असतात, आणि उत्पन्न जाहिरातींचे असल्यामुळे आठवड्याला एक तरी टाकावीच लागते. वर्षभर गावाला वेठीला धरून दीड-दोन तासांचा विज्ञानविडंबनपट काढण्याएवढी उसंत या हिशेबात बसत नाही.